रोडगे विकायला काढणाऱ्या सहल-कंपनीच्या मालकांना खुले पत्र

मा. संचालक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमची नवी जाहिरात आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत फिरत आली. 'रामटेक-नगरधन एकदिवसीय सहल, अस्सल गावरान रोडगे जेवणासह. माणशी फक्त 1,850 रुपये.' (रोडगे म्हणजे निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे.) खाली फोटो. त्या फोटोत पत्रावळीवर रोडगा कुस्करत हसताना ज्या बाई दिसतात त्या आमच्या मंडळाच्या खजिनदार. त्यांच्या पत्रावळीवर तूप वाढायला वाकलेल्या बाई त्या गावच्या. दोघींनाही तुम्ही विचारलं नाही. आणि फोटोवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'आमचे समाधानी प्रवासी'.

तुमचं नाव मी इथे लिहिलेलं नाही. ते छापून आम्हाला काही मिळणार नाही. शिवाय नाव नसलं की नागपुरातले आणखी दोन-चार सहलवाले हे पत्र वाचून आपापल्या बसच्या मागच्या दाराशी काय रचून ठेवलंय ते एकदा बघून येतील, तेवढा फायदाच. तुम्हाला मात्र ओळख पटायला हरकत नसावी. 26 जानेवारी, महिला मंडळ, त्रिमूर्तीनगरचा पिकअप, आणि नगरधनच्या अलीकडे रस्त्यावर बंद पडलेली पांढरी बस.

तुम्हाला फोन केले, लेखी अर्ज दिला, तुमच्या ऑफिसात दोघी-तिघी जाऊन बसूनही आलो. दरवेळी एकच उत्तर मिळालं. "ताई, तुम्ही तर मस्त एन्जॉय केलं ना? फोटो पाहिले आम्ही. मग तक्रार कशाची?" या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला एकट्याला देऊन उपयोग झाला नाही, म्हणून चारचौघांत देते आहे.

मी टपाल खात्यात काउंटरवर बसून नोकरी केलेली बाई. निवृत्तीनंतर मंडळाची सचिव झाले, त्यामुळे सहलीचे पैसे गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. माणशी 1,450 रुपये. कोणी एकदम दिले, कोणी दोन हप्त्यांत. आमच्यातल्या दोघी लोकांच्या घरी स्वयंपाकाची कामं करतात. त्यांना एक दिवस सुटी घ्यायची म्हणजे त्या दिवसाचे पैसे सोडावे लागतात, वर मालकिणींची बोलणी. एक आजी ऐंशीच्या पुढच्या, गुडघ्याला पट्टा बांधून आल्या होत्या, कारण गडावरच्या रामाचं दर्शन त्यांना पुन्हा एकदा घ्यायचं होतं. सुनांच्या हवाली न करता आणलेली नातवंडंही होती. या सगळ्यांना "चला, मी बोलले आहे त्यांच्याशी, सगळी सोय आहे" असं मी सांगितलं होतं. तुमच्या छापील पत्रकावर विसंबून सांगितलं होतं. ते पत्रक मी जपून ठेवलंय.

आता त्या दिवसाबद्दल क्रमानं.

सकाळी सातची वेळ होती. बस आली पावणेनऊला. तोवर चाळीसेक बायका-पोरं स्वेटर-शाली गुंडाळून चौकात उभी. जानेवारीतली नागपूरची सकाळ तुम्हाला ठाऊक आहे. तर्री पोह्यांचा नाश्ता पॅकेजमध्ये होता. तो 'वेळ झाला म्हणून' रद्द झाला. उशीर तुमचा आणि नाश्ता आमचा गेला, हा हिशेब मला अजून कळलेला नाही. शेवटी समोरच्या टपरीवाल्यानं दोन घाणे जास्तीचे पोहे करून दिले, त्याचे पैसे आम्ही दिले.

बस पुश-बॅक सीटची, वातानुकूलित असणार होती. थंडीत एसी नसला तर माझी काही तक्रार नाही, सीट मागे गेली नाही तरी पाठ मोडत नाही. मला बोलायचंय ते मागच्या आपत्कालीन दाराबद्दल. त्या दाराला लागून तुम्ही जादा सीट बसवून घेतली होती, आणि सीटच्या मागे ताडपत्रीची गुंडाळी आणि दोन स्टेपन्या कोंबल्या होत्या. अग्निशामक नळकांडं जिथे असायला हवं तिथे नुसता लोखंडी पट्टा होता, त्यावर क्लीनरचा दुपट्टा वाळत होता. प्रथमोपचाराच्या पेटीत मी स्वतः हात घातला, कारण एका पोराचं बोट खिडकीत चेंगरलं होतं. आत खर्र्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या, पुड्या निघाल्या. पट्टी नाही, मलम नाही, कापूससुद्धा नाही.

यावर तुमचे मॅनेजर म्हणाले, "ताई, सगळ्याच बसमध्ये असंच असतं." असेल. 1 जुलै 2023 ला नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली, आणि 25 माणसं आतल्या आत होरपळून गेली. बस दाराच्याच बाजूवर आडवी पडली होती. त्या बातमीनंतर कितीतरी दिवस या शहरात रात्रीच्या बसनं जायचं म्हटलं की घरातून "मागचं दार बघून बस" असं सांगत होते. तुम्ही याच शहरात बस चालवता. त्या बसमध्ये इथलीच माणसं चढली होती. मागच्या दाराला सीट ठोकताना तुम्हाला ती आठवली नाहीत, याचा मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. पैशांचं मी नंतर बोलेन. या मुद्द्यावर तडजोड नाही.

ड्रायव्हर. तो आदल्या रात्री शिर्डीहून गाडी घेऊन आला होता. घरी न जाता, गाडी धुऊन, तोच आमच्याकडे. कामठी ओलांडेपर्यंत त्याचं डोकं दोनदा स्टिअरिंगवर झुकलं. पुढच्या सीटवर बसलेल्या आमच्या जोशीकाकू मग कन्हानपासून मनसरपर्यंत त्याच्याशी मोठमोठ्यानं गप्पा मारत बसल्या, त्याला झोप लागू नये म्हणून. त्याच्या लेकीची दहावी, त्याच्या गावचं पाणी, सगळं काढलं त्यांनी. चालकाला दिवसात आठ तासांहून जास्त राबवू नये हे 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यापासून लिहिलेलं आहे. ही मागणी माझ्या डोक्यातून आलेली नाही.

आणि तक्रार केल्यावर तुम्ही काय केलंत? "त्या ड्रायव्हरला काढलं, आता झालं ना समाधान?" नाही झालं. आम्ही त्याच्याबद्दल एक अक्षर वाईट लिहिलं नव्हतं. क्लच गेला तेव्हा गाडी हळूच रस्त्याच्या कडेला, बरोबर सावलीत आणून उभी करणारा तोच होता. अर्ज पुन्हा वाचा.

गाईड येणार होता, 'अभ्यासू, अनुभवी'. तो आला नाही. क्लीनरच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवून त्यालाच गाईड म्हणून पुढे केलं. बिचारा गडावर वराहाच्या मूर्तीपुढे उभा राहून "इथे फोटो चांगला येते" म्हणाला आणि गप्प झाला. गडमंदिर तेवढं झालं. घाईत झालं, पण ऐंशीच्या आजींचं दर्शन घडलं. (माकडांनी आमच्या एकीचा तिळाच्या लाडवांचा डबा पळवला, त्याबद्दल तुमच्यावर आरोप नाही.) पुढे नगरधनचा किल्ला, मग जेवण, मग खिंडसी तलावात बोटिंग असा कार्यक्रम होता. नगरधनच्या रस्त्याला लागलो आणि बस बंद पडली.

जेवणाचं सांगून टाकते. ज्या ठिकाणी आमचं जेवण 'बुक' होतं, तिथे मी फोन लावला. त्यांच्याकडे आमच्या नावाची नोंदच नव्हती, ॲडव्हान्सही पोचला नव्हता. खिंडसीच्या बोटीबद्दल मग मी विचारलंच नाही. 2017 च्या जुलैत नागपूरजवळच्या वेणा जलाशयात नाव उलटून इथली तरणी पोरं बुडाली. ज्या कंपनीनं बसमध्ये पट्टी-कापूस ठेवला नाही, तिनं बोटीत लाइफ जॅकेटची चौकशी केली असेल असं मला वाटत नाही. बोटिंग हुकलं ते बरंच झालं.

दुसरी बस मागवली तर "निघालीच आहे ताई, दीड तासात पोचते". हे वाक्य मी दुपारी बारापासून साडेचारपर्यंत ऐकलं. त्यानंतर तुमचा फोन बंद.

इथवर तुमचा भाग. पुढे जे झालं त्यात तुमचा काडीचाही हात नव्हता. म्हणून ते जरा सविस्तर सांगते, कारण नेमकं तेच तुम्ही विकायला काढलंय.

बस थांबली तिथून एक गाव हाकेच्या अंतरावर होतं. दोन्ही बाजूंना धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्या, मधून मधून लाखोळीचं हिरवं पीक. सगळ्यात पहिली अडचण काय आली हे पुरुष आयोजकांना बहुतेक सुचत नाही, म्हणून स्पष्ट लिहिते. चाळीस बायका-पोरं, सकाळपासून बाहेर, आणि संडास कुठे? झेंडावंदन आटोपून जिल्हा परिषदेच्या शाळेतली पोरं कागदी झेंडे फिरवत घरी निघाली होती. त्यांच्यातलीच एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, "सर आहेत अजून शाळेत, चला." सर कुलूप लावायच्या बेतात होते. त्यांनी काही न विचारता शाळा पुन्हा उघडली. मुलींचं स्वच्छतागृह स्वच्छ होतं, नळाला पाणी होतं, आत साबणाचा तुकडा होता. त्या एका गोष्टीसाठी मी त्या शाळेला मनातल्या मनात पद्मश्री दिली.

सरांनी व्हरांड्यात सतरंज्या घातल्या. बोलता बोलता समजलं की आम्ही नगरधन बघायला निघालो होतो. मग त्यांनी जे सांगायला सुरुवात केली, त्याला तोड नाही. वाकाटक राजघराण्याची राजधानी नंदिवर्धन ती हीच, असं अभ्यासक मानतात. 2015 ते 2018 या काळात इथे उत्खनन झालं, त्यात प्रभावतीगुप्ताच्या नावाची मातीची मुद्रा सापडली. ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटकांची सून. नवरा रुद्रसेन लवकर गेला, मुलं लहान, आणि तिनं राज्य हातात घेऊन चालवलं. सोळाशे वर्षांपूर्वी. सर फळ्यावर वंशावळ काढत होते आणि आमच्यातल्या एक बाई, ज्या नवरा गेल्यावर किराण्याचं दुकान एकट्या चालवतात, त्या एकदम म्हणाल्या, "अन् सासरच्यांनी चालवू दिलं तिला?" सगळा व्हरांडा हसला. सरही हसले, मग म्हणाले, "ताम्रपटात माहेरची वंशावळ आधी लिहिली आहे तिनं. काय ते समजून घ्या." माझ्या मते तुमच्या पत्रकातला 'अभ्यासू गाईड' आम्हाला भेटला तो इथे, फुकट, सुटीच्या दिवशी.

रोडग्यांचं असं झालं. मारोतीच्या देवळामागच्या आमराईत एका घरचा नवस फेडायचा कार्यक्रम चालू होता. धूर आणि वांग्याच्या भाजीचा वास शाळेपर्यंत येत होता. आमच्याजवळ उरलेले बिस्किटांचे पुडे पोरांनी संपवले होते. सर तिकडे जाऊन आले आणि त्यांच्या मागोमाग एक म्हातारी आली, नऊवारीचा पदर खोचलेला, हातांना राख.

"उभ्या काहून हायेत बाया? चाला जेवाले."

आम्ही आढेवेढे घेतले. चाळीस माणसं म्हणजे काय थोडी? तर म्हणाली, "नवसाचं जेवण हाये बाई. आल्या माणसाले उपाशी जाऊ देलं तं नवस फिटत नाही."

शहरातल्या मुलांनी हे बघितलेलं नसतं. जमिनीत खोदलेल्या चरात गोवऱ्यांचा निखारा, त्यात कणकेचे थरावर थर देऊन वळलेले मुठीएवढे गोळे पुरलेले. भाजून निघाले की ते पोत्यात घालायचे, दोघांनी पोत्याची दोन टोकं धरायची आणि झोका दिल्यासारखं हलवायचं. आत गोळ्यावर गोळा घासून राख झडते. आमची नातवंडं त्या पोत्याला लटकायलाच गेली. मग रोडगा फोडला की आतून वाफ येते, थर सुटे होतात, त्यावर तूप, बाजूला तुरीचं वरण आणि मोठ्या गंजातली वांग्याची भाजी, सांभार म्हणजे कोथिंबीर भरपूर. आमची पोरं घरी वांगं बघितलं तर तोंड फिरवतात. तिथे त्यांनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं. ड्रायव्हरलाही ताटावर बसवलं आणि जेवून झाल्यावर तो आंब्याखाली जो आडवा झाला तो थेट चारला उठला. कोणी उठवलं नाही.

जेवणानंतर गावातल्या बायकांनी हळदीकुंकू काढलं. संक्रांतीचे दिवसच होते. कोणी सवाष्ण, कोणी नाही, हे त्यांनी विचारलं नाही. सरसकट लावलं, तिळगूळ दिला, वाण म्हणून एकेक गूळभेली. आमच्यातल्या किराणावाल्या बाईंनी कितीतरी वर्षांनी कपाळ पुढे केलं. मी त्यावर जास्त लिहीत नाही.

पैसे द्यायला गेलो तर घेतले नाहीत. देवळाच्या पेटीत टाकू का विचारलं, तर म्हातारी म्हणाली, "टाका. ते मारोतीचं."

उन्हं कलल्यावर सरांनी आम्हाला किल्ल्यात फिरवून आणलं, आणि गावावरून जाणाऱ्या संध्याकाळच्या लाल एसटीच्या कंडक्टरला फोन लावून ठेवला. एसटीनं आम्हाला रामटेकला आणि तिथून दुसऱ्या गाडीनं नागपूरच्या गणेशपेठ बसस्थानकावर आणून सोडलं. महिलांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजींना काहीच नाही. तुमच्या माहितीसाठी सांगते, आम्हा सगळ्यांच्या परतीच्या तिकिटांची बेरीज तुम्ही आमच्यातल्या दोन जणींकडून घेतलेल्या रकमेपेक्षा कमी भरली. तिकिटं माझ्याकडे आहेत. मी टपालातली आहे, कागद टाकत नाही.

दिवस छान गेला. आमच्या बायका त्याच दिवसाबद्दल अजून बोलतात. तुम्ही म्हणता ते खरं आहे, आम्ही एन्जॉय केलं. पण तो आनंद तुमच्या खात्यावर जमा होत नाही. वाटेत कोणी तांब्याभर पाणी दिलं म्हणून त्याच्या विहिरीवर तिसऱ्यानंच येऊन आपल्या नावाची पाटी ठोकावी, तसं तुम्ही केलंय.

हे पत्र मी कदाचित लिहिलंही नसतं. पैशांसाठी ग्राहक आयोगात गेले असते आणि गप्प बसले असते. पण जाहिरातीनंतर त्या नवसाच्या घरच्या सुनेचा मला फोन आला. आवाज पडलेला होता. "काकू, ते टूरवाले रोज फोन करून रायले. पन्नास ताटाचा रेट सांगा म्हणतात. आमी का खानावळ काढली काय? तुमी सांगतलं का त्यायले?" माझ्याकडे तिला द्यायला उत्तर नव्हतं. ज्या माणसांनी आम्हाला पाहुणे म्हणून पंगतीला बसवलं, त्यांना आता वाटतंय की आम्ही शहरात जाऊन त्यांचा भाव ठरवला. माझी आणि माझ्या मंडळाची अब्रू तिथे गेली, आणि तुम्ही ती 1,850 रुपयांत विकताय. माझं दुखणं नेमकं हे आहे. 1,450 रुपये त्यापुढे काहीच नाहीत.

गावात पैसा येऊ नये असं माझं म्हणणं नाही. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 पासून आहे, शेतकऱ्याला रीतसर नोंदणी करून केंद्र काढता येतं. त्या गावातल्या कोणाला करायचं असेल तर त्यांनी करावं, दर त्यांनी ठरवावा, कोणाला जेवू घालायचं आणि कोणाला नाही हेही त्यांनीच ठरवावं. तुम्ही जाऊन, बसून, चहा पिऊन विचारा. फोनवर 'पन्नास ताटं' म्हणून ऑर्डर देऊ नका. आणि नवसाच्या जेवणाचे फोटो वापरून तर मुळीच नको.

आता मागण्या. फार नाहीत.

ती जाहिरात आजच्या आज सगळीकडून काढा, आमचे आणि गावकऱ्यांचे फोटो काढा. शाळेतल्या पोरांचे फोटो तर सर्वात आधी. त्यांच्या आईबापांना कोणी विचारलं होतं? त्या कुटुंबाला फोन करणं थांबवा आणि एकदा, स्वतः जाऊन, माफी मागा. मॅनेजरला पाठवू नका.

आमचे पैसे परत करा. सगळे मागत नाही. नागपूर ते बस बंद पडली तिथपर्यंतचं भाडं धरून ठेवा, तेवढा प्रवास तुम्ही करवलात. न मिळालेलं जेवण, नाश्ता, गाईड, बोटिंग आणि परतीचा प्रवास यांचे पैसे हवेत. हिशेब मी लिहून दिलेला आहे, त्यात तुम्हाला चूक दिसली तर दाखवा, दुरुस्त करेन.

ड्रायव्हरला कामावर परत घ्या आणि कापलेला पगार द्या. रात्रभर गाडी चालवून आलेल्या माणसाला सकाळच्या सहलीवर पाठवणार नाही, हे लेखी द्या.

मागच्या दाराजवळची ती सीट उपटून टाका. अग्निशामक नळकांडं, पट्टी-औषधं आणि बसच्या फिटनेसची तारीख हे सहल निघण्यापूर्वी प्रवाशांना दाखवायची पद्धत पाडा. नाही पाडलीत तरी आता लोक स्वतः बघतील. गाडीचा नंबर आदल्या दिवशी मागायचा, एमपरिवहन ॲपवर टाकायचा, फिटनेस आणि विमा कधीपर्यंत आहे ते तिथेच दिसतं. आमच्या भागातल्या इतर मंडळांना मी हे शिकवायला सुरुवात केली आहे. शिकायला पाच मिनिटं लागतात, साठीच्या पुढच्यांनाही.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात तक्रार दाखल होईल. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, तक्रार आम्ही राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि वकील लागतोच असं नाही. पत्रक, पावती, फोनच्या नोंदी, एसटीची तिकिटं, सगळं क्रमानं लावून फाइल तयार आहे. वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या सहलीचं असंच काही झालं असेल, त्यांनी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर निदान एक फोन करून विचारावं. तेवढ्यानंही बरेचदा समोरचा जागा होतो असा आमच्याच शेजारच्या मंडळाचा अनुभव आहे.

मंडळाचा पत्ता तुमच्या बुकिंगच्या वहीत आहे. उत्तर साध्या टपालानं पाठवलं तरी चालेल, पोचतं.

आपली,
सचिव, एक महिला मंडळ,
त्रिमूर्तीनगर, नागपूर